मास्तरांची तिसरी निवडणूक

पुतळाबाई : पाणी मग प्या, कादरभाई. टांगा रिकामा का आला, ते आधी सांगा.

कादर : मास्तर धडधाकट आहेत, वहिनी. अल्लाकसम, अंगाला ओरखडा नाही. तुम्ही बसा. उभ्यानं ऐकण्यासारखं नाही हे.

पुतळाबाई : सभा मोडली का? रावजीच्या माणसांनी दगड मारले असतील. मला सकाळपासून वाटतच होतं. दिंडोरीचा बाजार, त्यात मतदान आठ दिवसांवर आलेलं.

कादर : दगड मारले असते तर बरं झालं असतं. डोकं फुटलं तर बांधता येतं.

पुतळाबाई : मग आहेत कुठं ते?

कादर : जकात नाक्याच्या पलीकडे, चिंचेखाली. तिथं बसवून आलोय. एकटे नाहीत, बरोबर एक म्हातारी आहे. वहिनी, मला सुरुवातीपासून सांगू द्या. मधलंच सांगायला गेलो तर तोंडातून भलतं निघेल. सहा वर्षं झाली मी त्यांना गावोगाव फिरवतोय. त्यांचं भाषण माझ्या घोड्यालाही पाठ झालंय.

पुतळाबाई : मलाही आहे. इगतपुरीकडचं गाव, प्लेगचं साल, सरकारी छावणीतल्या झोपड्या. बाप आधी गेला. आई जाताना म्हणाली, माझ्या पोराला शाळेत घाला. चिमाजी गुरुजी छावणीत मदतीला गेलेले होते, ते तिचे लांबचे भाऊ. त्यांनी तीन वर्षांच्या भाच्याला उचलून दिंडोरीला आणलं आणि आपल्या शाळेत वाढवलं. पहिल्या निवडणुकीत मी स्वतः पाहिलंय, आईच्या मरणापाशी आले की बाया पदर डोळ्याला लावायच्या.

कादर : बाया रडायच्या आणि घरी जाऊन बाप्यांना सांगायच्या, मत याला द्या. पहिल्या खेपेला दुसरं होतं काय त्यांच्याजवळ? गुरुजींनी नावावर केलेली जमीन होती म्हणून उभं तरी राहता आलं. समोर रावजी. त्याच्या घरात लोकल बोर्डाची जागा बापापासून चालत आलेली. आम्ही छत्तीस गावं फिरलो. शाळा नसलेल्या गावात मास्तर पारावर उभे राहायचे आणि एवढंच विचारायचे, तुमच्या गावात कागद आला तर वाचतं कोण? सगळे मान खाली घालायचे. अकरा मतांनी निवडून आले. मग बोर्डानं त्यांना स्कूल बोर्डावर पाठवलं. दुसऱ्या खेपेला फार बोलावंच लागलं नाही. सोळा गावांत शाळा सुरू झाल्या होत्या, पेठच्या रस्त्याला मुलींसाठी मास्तरीणबाई आली होती. रावजीला मिळालेल्या मतांपेक्षा दुप्पट मतं पडली.

पुतळाबाई : हे सगळं मला ठाऊक आहे, कादरभाई. आज काय झालं?

कादर : आजही भाषण त्या जागी आलं. आई मरताना काय म्हणाली, तिथवर. तेवढ्यात रावजी उठला. आरडाओरडा नाही, काही नाही. हात जोडून म्हणाला, मास्तर, आम्ही एक पाहुणी आणलीय, तिची तेवढी ओळख करून द्या लोकांना. त्याचा भाचा इगतपुरीला रेल्वेत कारकून आहे. त्यानं बैलगाडीतून एका म्हातारीला हात धरून उतरवलं. हाडाची काडी झालेली बाई. बायडाबाई तिचं नाव. रुळांवर खडी टाकायच्या कामावर जन्म गेला तिचा. इगतपुरीच्या महारवाड्यात राहते.

पुतळाबाई : मग तिचा यांच्याशी काय संबंध?

कादर : तेच रावजीनं विचारलं. म्हणाला, दर अवसेला तुम्ही हिच्या ओट्यावर बसता, हिच्या हातचं पाणी पिता, ते माझ्या भाच्यानं एकदा नाही, सहा वेळा पाहिलंय. ही तुमची कोण, एवढं सांगा आणि भाषण पुढं चालू द्या.

पुतळाबाई : अवसेला ते शाळा तपासायला जातात. घाटाकडच्या शाळा.

कादर : तुम्हालाही तेच सांगितलं ना? मलाही तेच. स्टेशनापर्यंत मीच सोडत होतो त्यांना. गाडीत बसले की मी माघारी. पुढचं मला ठाऊक नव्हतं, वहिनी. ठाऊक असतं तर तुमच्या दारात असा उभा राहिलो नसतो.

पुतळाबाई : मग काय म्हणाले हे?

कादर : मी घोड्याचं तोंड धरून वीस पावलांवर उभा होतो. मास्तरांचा हात भाषणातल्यासारखा वर उचललेला, तो तसाच राहिला. बोलली ती म्हातारीच. तिला त्या भाच्यानं, तुझा पोरगा आजारी पडलाय, शेवटचं बघून घे, असं सांगून आणली होती. पोरगा पारावर धडधाकट उभा दिसला. पुढं माणसं दिसली, रावजीचं तोंड दिसलं. तेवढ्यात तिला सारं उमगलं. ती लोकांकडं वळली आणि म्हणाली, "मी या साहेबाला वळखत नाय. माझा काळू पिलेगात गेला."

पुतळाबाई : झालं तर मग. रावजीचंच कारस्थान म्हणायचं.

कादर : मलाही तसंच वाटलं. लोक रावजीवर उलटले. कोणी म्हणालं, म्हाताऱ्या बाईला फसवून आणलं, लाज वाटू दे. पाटलानं तर त्याला पारावरून उतरायला सांगितलं. निवडणूक तिथंच मास्तरांच्या पदरात पडली होती. मी घोड्याला चंदी घातली. वळून बघतो तर मास्तर पार उतरून खाली आलेले. डोक्यावरचा फेटा त्यांनी म्हातारीच्या पायांवर ठेवला होता. ती पाय मागं घेत होती आणि हे गुडघ्यावर पुढं सरकत होते. म्हणाले, "ही माझी आई आहे. मी सहा वर्षं तुमच्यापुढं हिला मारत आलो."

(दारात घोडा मान झटकतो, घुंगरं वाजतात.)

पुतळाबाई : खरं शे?

कादर : काय म्हणालात?

पुतळाबाई : खरं आहे का हे? की लोकांसमोर काही तरी बोलून गेले, म्हातारीची दया येऊन?

कादर : खरं आहे, वहिनी. येताना तीन तास मी त्या दोघांना टांग्यात घेऊन आलोय. तिची जिवणी बघितली, थेट मास्तरांची, आणि माझ्या मनात शंका उरली नाही.

पुतळाबाई : चौदा वर्षं मी पितृपक्षात सासूबाईंच्या नावानं पान वाढतेय. खीर करते, वडे करते. हे गच्चीवर माझ्या शेजारी उभे राहून कावळ्याची वाट बघतात. मागच्या वर्षी कावळा लवकर आला नाही तर मी म्हटलं, आईंची काही इच्छा राहिलीय. हे खाली निघून गेले. मला वाटलं, आठवण आली असेल.

कादर : आठवणच आली असेल.

पुतळाबाई : माझ्या बापाला फसवलं यांनी. देवळ्याचं आमचं घर, पंचक्रोशीत नाव असलेलं. बापानं गुरुजींचा शब्द प्रमाण मानून मुलगी दिली.

कादर : लग्नाच्या वेळी मास्तरांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तीन वर्षांच्या पोराला काय आठवणार? गुरुजींनी भाचा सांगितलं, ते भाचा होऊन राहिले. गुरुजींनी जीव सोडताना त्यांना खरं सांगितलं.

पुतळाबाई : मी होते त्या दिवशी. लग्नाला दोन वर्षं झाली होती, शेवंता पोटात होती. गुरुजींच्या तोंडात गंगेचं पाणी मीच घातलं. मग ते मला म्हणाले, सूनबाई, जरा बाहेर बस. दार लावून घेतलं. मी ओसरीत बसून राहिले. दार उघडलं तेव्हा यांचा चेहरा पांढरा पडला होता, मी समजले गुरुजी गेले म्हणून. म्हणजे दाराच्या आत हे चाललं होतं.

कादर : हेच.

पुतळाबाई : गुरुजींनी असं का करावं? तो देवमाणूस होता.

कादर : ते म्हातारीनं वाटेत सांगितलं. छावणीत ती बेशुद्ध होती. नवरा शेजारी मरून पडलेला, आणि पोर दोघांच्या मधे बसून रडत होतं. गुरुजी मयतांची नावं लिहायला गेलेले. त्यांना वाटलं, ही बाईसुद्धा रात्र काढत नाही. पोराला उचललं आणि निघाले. आपल्या घरात, आपल्या पंगतीत वाढवायचं तर लोकांना काय सांगायचं? भाचा म्हणून सांगितलं. बाई मात्र वाचली. अंगात त्राण यायला वर्ष गेलं. मग आणखी वर्षभर विचारत विचारत पायी दिंडोरीला आली. पोर तोवर पाचवं सरून सहाव्यात होतं.

पुतळाबाई : आली होती ती?

कादर : शाळेच्या खिडकीपाशी. शाळा भरलेली होती. तिथल्या महारवाड्यातली दोन पोरं बाहेर पायरीवर बसून धुळीत अक्षरं काढत होती, असं ती म्हणाली. आणि तिचा काळू आत, दुसऱ्या ओळीत, पाटी घेऊन, सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून. गुरुजींनी तिला पाहिलं, ओळखलं. बाहेर आले आणि म्हणाले, बाई, तुझं लेकरू आहे, घेऊन जा, मला बोलायला तोंड नाही. ती म्हणाली, "आत बसलाय, बसू द्या." आणि त्याच पावली माघारी गेली. त्यानंतर वीस वर्षं तिनं दिंडोरीच्या दिशेनं पाऊल टाकलं नाही. गुरुजी गेल्यावर मास्तर तिला शोधत गेले, तेव्हाही पहिली गोष्ट काय बोलली तर, पुन्हा येऊ नको, कोणी बघेल.

पुतळाबाई : आणि हे माझ्यापाशी बारा वर्षं बोलले नाहीत.

कादर : नाही बोलले.

पुतळाबाई : कादरभाई, लग्नात उखाणा घेतला तेवढाच. एरवी त्यांचं नाव मी कधी तोंडानं उच्चारलं नाही. ते नाव तरी त्यांचं आहे का?

कादर : खंडेराव हे गुरुजींनी ठेवलं. ती काळू म्हणते.

पुतळाबाई : काळू.

कादर : अजून संपलं नाही, वहिनी. मला वाटलं होतं, इथं संपेल. लोक उठून जातील, कोणी थुंकेल, कोणी काठी उगारेल. तसं झालंही थोडं. ज्या पाटलानं रावजीला उतरवलं, तोच मास्तरांना म्हणाला, तुम्ही माझ्या माजघरात जेवलात. तोंड फिरवून गेला. पण खरा घाव दुसरीकडून बसला. बाजाराच्या कडेला महारवाड्यातली माणसं उभी होती, नेहमी राहतात तशी, लांब. त्यांतला पुंजा पुढं आला. म्हातारा आहे, पलटणीत होता, सरळ उभा राहतो. मला वाटलं, हा मास्तरांना उराशी धरणार. त्यानं विचारलं, "मास्तर, दोन सालांमागं आमच्या पोरास्नी वर्गात बसवायचा ठराव आला व्हता. तो एका हातानं पडला. तो हात कुणाचा?"

पुतळाबाई : कसला ठराव?

कादर : सरकारचं पत्र आलं होतं. सगळ्या जातींची मुलं शाळेत एकत्र बसवावी, पायरीवर, ओसरीवर ठेवू नयेत. बोर्डात सहा विरुद्ध सात झाले. सातवा हात मास्तरांचा.

पुतळाबाई : यांचा? शाळेसाठी जीव टाकणाऱ्या माणसाचा?

कादर : लोकांनाही तेव्हा नवल वाटलं होतं. ते म्हणाले होते, घाई नको, लोकांची मनं तयार होऊ द्या. त्या दिवशी मीच त्यांना घरी आणलं. एरवी वाटभर बोलणारा माणूस, एक अक्षर बोलला नाही. मी विचारलं, तब्येत बरी नाही का? म्हणाले, टांगा हाक.

पुतळाबाई : तो दिवस मला आठवतो. आले, कपडे न बदलता पडले. जेवले नाहीत. मी कपाळाला हात लावला तर ताप नव्हता. आणि काळारामापुढं माणसं बसली होती ना, आत जाऊ द्या म्हणून, तेव्हा महिनोन् महिने यांनी नदीच्या पुलापलीकडं, देवळाच्या बाजूला पाऊल टाकलं नाही. मी म्हणायचे, रामाला जाऊन येऊ, तर म्हणायचे, गर्दी असते. मला वाटलं, भांडणाची भीती वाटते.

कादर : भीतीच होती. कोणी म्हणू नये की याला या लोकांचा एवढा कळवळा का. म्हणून हात वर केला. हे त्यांनी पुंजाला तिथंच सांगितलं. म्हणाले, तो हात माझा. मी भ्यालो. पुंजानं काही शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, माझा नातू त्या साली शाळा सोडून खडीच्या कामावर गेला. आणि आपल्या माणसांत जाऊन उभा राहिला.

पुतळाबाई : आणि म्हातारी?

कादर : तिला ठरावाचं ठाऊक नव्हतं. तोवर मास्तरांनी तिचा हात धरलेला होता. तिनं विचारलं, "हे खरं हाय का, काळू?" ते हो म्हणाले. तिनं हात सोडवून घेतला. जोरानं नाही, हळूच. मग म्हणाली, "मी त्या खिडकीतून माघारी फिरले, ते तू दुसऱ्याच्या पोरास्नी पायरीवर बसवावं म्हणून नाय फिरले." वहिनी, बाजारात दोन हजार माणूस असेल. तिचा आवाज तो केवढा, पण मला वाटतं शेवटच्या माणसापर्यंत गेला.

पुतळाबाई : हे काय करत होते?

कादर : उभे होते. डोकं उघडं. कोणीतरी विचारलं, नाव मागं घेता का? ते म्हणाले, नाही. मत कोणी देवो न देवो, मी उभा राहणार आणि आता भाषणात खरी आई सांगणार. आणि जागा मिळाली नाही तरी तो ठराव पुन्हा आणायला सांगत बोर्डाच्या दारात बसणार. लोक उठून गेले होते बरेचसे. रावजीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, चेष्टेनं. रावजीनं मात्र वाजवल्या नाहीत. तोसुद्धा बघतच राहिला होता. त्याला फक्त निवडणूक जिंकायची होती, एवढं त्यानं मागितलं नव्हतं.

पुतळाबाई : जिंकेल आता.

कादर : जिंकेल. मास्तरांना पन्नास मतं पडली तरी खूप.

पुतळाबाई : देवळ्याला दादाच्या कानावर उद्यापर्यंत जाईल. शेवंताचं बोलणं चाललंय, ते मोडलं म्हणूनच समजा. आणि ही गल्ली. सकाळी नळावर माझी घागर कुठं ठेवायची, ते इथल्या बाया ठरवतील.

कादर : ठरवतील. माझ्या टांग्यात उद्या कोण बसतं, तेही बघायचंय. आज दिंडोरीहून माझ्याबरोबर दोन सवाऱ्या यायच्या होत्या, त्या पायी गेल्या.

पुतळाबाई : यांनी तुम्हाला पुढं का पाठवलं? घरी येऊ का, हे विचारायला?

कादर : त्यांनी नाही पाठवलं. ते तर म्हणत होते, आम्ही इगतपुरीच्या गाडीनं जातो, घरी बायकोला कोणत्या तोंडानं भेटू. मला म्हातारीनं पाठवलं. ती त्यांच्याशेजारी बसली नाही, वहिनी. पुढं माझ्याजवळ बसून आली, सगळी वाट. त्यांच्याशी बोललीही नाही. नाक्यापाशी मला म्हणाली, "बाबा, त्याचं काय ते तो बघंल. मला एकदा सून आन् नात दाखव. लांबून दाखवलीस तरी चालंल. मग मला गाडीला घाल." मी म्हटलं, विचारून येतो. आता तुम्ही म्हणाल तसं. नाही म्हणालात तर मी तिला स्टेशनावर सोडेन, आणि तुम्हाला दोष देणार नाही. कोणीच देणार नाही.

पुतळाबाई : लांबून.

कादर : असंच म्हणाली.

पुतळाबाई : पोराला खिडकीतून बघितलं, आणि नातीला लांबून बघायचं.

कादर : वहिनी, घाई नाही. घोडा दमलाय, मी अर्धा तास थांबतो.

पुतळाबाई : यांच्याशी मी बोलेन की नाही, ते मला आत्ता कळत नाही, कादरभाई. खरंच कळत नाही. जातीचं म्हणाल तर माझं अंग अजून थरथरतंय, तुमच्यापासून काय लपवू. पण त्याहून जास्त थरथरतंय ते त्या हातामुळं. आणि बारा वर्षं माझ्याशेजारी निजून मला परकी ठेवलं, त्यामुळं. ते मी यांच्याकडून वसूल करीन, आज नाही तर उद्या. त्यात त्या बाईचा काय गुन्हा?

कादर : काही नाही.

पुतळाबाई : शेवंता शाळेतून आता येईल. घरात भाकरी आहे, कालवण करते. ती काय खाते?

कादर : दात नाहीत फारसे.

पुतळाबाई : मग दुधात कुस्करून देते. जा तुम्ही. दोघांनाही आणा. ते पुढं बसोत, मागं बसोत, मला विचारू नका.

कादर : जातो. वहिनी, एक विचारू का? दुपार टळलीय, गल्लीतले सगळे ओट्यावर येऊन बसलेत. टांग्याला मागून पडदा आहे. तो सोडून आणू का?

पुतळाबाई : नको. उघडाच आणा.